डावा कोपरा

शुक्रवारच्या बाजारात आरसा मिळाला साडेअकरा दिनारांना.
पंधरा सांगत होता मुरादबख्श, मी दहावर अडून बसले,
शेवटी दीड दिनार टेम्पोचे धरून मिटलं.
तीन झडपांचा, सागवानी, एक बिजागरी निखळलेली.
श्रीरंग म्हणाला, "या घरात खिळा ठोकायची परवानगी नाही
आणि तू हे एवढं धूड आणतेस!"
उभा राहतो तो, मी म्हटलं, स्वतःच्या पायांवर.

सालमियातला चौथा मजला. लिफ्टमध्ये मावेना,
तर दोन नेपाळी पोरांनी जिन्यानं चढवला.
प्रत्येक वळणावर त्यात नवंच काही:
कुणाच्या दारातल्या चपला, रिकामा सिलिंडर,
सफूरा मुकादमची वाळत घातलेली ओढणी,
आणि मागून मी, घामाघूम.

मुलगी म्हणाली, "आई, हे विंटेज आहे."
फोटो काढला, पिवळट केला, कुणाकुणाला पाठवला.
मी तो शब्द खडीसाखरेसारखा गालात धरून ठेवला
ऑफिसात खजुराची बिलं चढवताना, दिवसभर.

रात्री ओलं फडकं घेऊन बसले.
खाचांतून वाळू निघाली,
प्रत्येक धुळीच्या वादळानं चिमूट चिमूट ठेवून गेलेली.
खणात अंबाड्याचा एक आकडा,
पावडरचा गुलाबी पफ, टक्कल पडलेला,
आणि डाव्या झडपेच्या कोपऱ्यात डिंकाचे गोल डाग.
मोजले. एकवीस.
एकाला अजून मरून मखमल चिकटून होती.

म्हणजे आपल्यातलीच कुणीतरी.
आंघोळीआधी कपाळावरची काढून इथं लावणारी,
सकाळी घाईत तीच परत उचलणारी,
डिंक संपला की इथंच विसरणारी.
कुठली असेल? कडप्प्याची? चिपळूणची?
युद्धाआधी गेली की नंतर?
टिकलीवर सन नसतो.

फडकं तिथं थांबलं.

तेव्हापासून माझी सकाळ दहा मिनिटांनी लांबली.
क्लचर सोडला. आकडे आणले, जाळी आणली.
अंबाडा शिकवायला कुणी नव्हतं;
केस माझेच, हात मात्र परक्यासारखे.
पहिले आठ दिवस दुपारपर्यंत मानेवर यायचा.
सफूरा ऊद पेटवून घेऊन आली, "केस सोड गो, धुरी देते,"
आणि तीन झडपांत आम्हा दोघींच्या सहा झाल्या,
कुणी डोळे चोळत, कुणी हसत,
तेवढ्यात छतावरचा स्मोक अलार्म कोकलला
आणि सहाही जणी खुर्च्या शोधत धावल्या.

मग चहाचे छोटे पेले आले, सोनेरी काठाचे,
चार, चारही निरनिराळ्या घरांतले.
सुती नऊवारी नाही जमली, सहावारी जमली,
शुक्रवारी, घरातच, भांडी घासताना.
"कुणासाठी गं?" श्रीरंगनं विचारलं, वाईट हेतूनं नव्हे.
पदर खोचलेला, कोपरापर्यंत फेस,
मी उत्तर शोधत राहिले, मग भांडी विसळली.
जाता-येता आरशात एक बाई दिसायची,
वाटायचं, हिला कुठं जायचं नाहीये, ही पोचलीय.

मेमध्ये कंपनीचं पत्र आलं, एका ओळीचं.
पेले स्वेटरात गुंडाळले.
आरसा तेवीस किलोंत बसत नाही.
मुरादबख्श आला, चारी बाजूंनी फिरला,
चार दिनार म्हणाला. मी घासाघीस केली नाही.
मग त्यानं खिशातून फडकं काढलं,
काचेवर तोंडाची वाफ सोडली.
"तो कोपरा नको," मी म्हटलं.
"डाग आहेत, बाई."
"असू देत."
त्यानं वाकून पाहिलं. बाविसावी लाल होती,
आज सकाळचीच.
खांदे उडवले, फडकं खिशात घातलं,
आणि चाराचे साडेतीन केले.